पाठीवर गाठोडं घेतलेला माणूस

१८६० च्या सप्टेंबरात जॉर्ज एलियट लंडनमधल्या हेअरवुड स्क्वेअरच्या एका भाड्याच्या घरात राहायला आली. त्याच वर्षी ती इटली फिरून आली होती आणि पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सवर एक भलीमोठी ऐतिहासिक कादंबरी लिहायचं तिच्या मनानं घेतलं होतं. पण मध्येच दुसरी एक गोष्ट आडवी येऊन बसली. अगदी लहानपणी कधीतरी तिनं लिनन विणणारा एक माणूस पाहिला होता. पाठीवर गाठोडं, वाकलेली चाल आणि चेहऱ्यावर असं काही, की हा चारचौघांतला नाही हे त्या लहान मुलीलाही जाणवावं. एवढीच आठवण. राळ्याच्या दाण्याएवढ्या कल्पनेतून ही गोष्ट उलगडत गेली, असं तिनं पुढं आपल्या प्रकाशकाला, जॉन ब्लॅकवुडला कळवलं. फ्लॉरेन्स बाजूला राहिलं. साडेपाच महिन्यांत, १० मार्च १८६१ ला, 'सायलस मार्नर' लिहून झाली आणि २ एप्रिलला छापून बाहेर पडली.

त्या माणसाचं नाव-गाव आता कळायला मार्ग नाही. पण असली माणसं होती, हे पक्कं. ती गावोगाव उपरी का ठरत, हे ध्यानात घेतलं की ही कादंबरी निराळी दिसू लागते. शाळा-कॉलेजांत ती पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली ती एका कवडीचुंबक विणकराची आणि सोनेरी केसांच्या पोरीची गोड गोष्ट म्हणून. मला मात्र ती एका विशिष्ट इंग्लंडची बखर वाटते. आपला कोण आणि परका कोण, हे जिथं कागदावर ठरत होतं, त्या इंग्लंडची.

लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचं कापड. आपल्याकडे जवस म्हटलं की चटणी आठवते आणि तेल आठवतं. तिकडं त्याच झाडाचे उंच दांडे पाण्यात कुजवायचे, वाळवून कुटायचे, विंचरायचे आणि त्यातून तंतू काढायचे. एकोणिसावं शतक उजाडलं तेव्हा इंग्लंडच्या शेतकरी घरांतून चरखे फिरत होते. घरची बाई, तिच्या मुली, मोलकरणी सवड मिळेल तसं सूत काढत. पण सूत काढणं वेगळं आणि विणणं वेगळं. माग ठेवायला जागा लागते, हाताला कसब लागतं. म्हणून सुताच्या लडी विणकराकडे जात आणि टेबलावर अंथरायचं कापड, चादरी, अंगपुसणी होऊन परत येत. गावाला विणकर हवा असे, पण गावात तो पिकत नसे. लोहार, सुतार, चाकं बनवणारा यांच्या तीन पिढ्या गावाला माहीत असत. विणकर बहुधा शहराकडून आलेला, अंगानं किरकोळ, उन्हात न रापलेला, दिवसभर मागावर वाकून पाठ गेलेला. मळणीच्या झोडप्याचा आवाज गावच्या कानांना सरावाचा होता. मागाचा खडखडाट मात्र त्यांना भलताच वाटे. एलियटच्या कादंबरीत रॅव्हेलो गावची पोरं रानातली फळं नाहीतर पक्ष्यांची घरटी शोधायची सोडून सायलसच्या खोपटाच्या खिडकीतून आत डोकावतात. मग त्याचे ते मोठे, बाहेर आलेले तपकिरी डोळे त्यांच्यावर वळले, की जीव घेऊन पळत सुटतात. त्या डोळ्यांना जवळचा धागा तेवढा दिसायचा. लांबची पोरं त्यांना नीट दिसतसुद्धा नव्हती.

या भीतीमागं नुसता अडाणीपणा नव्हता. तिला कायद्याचं पाठबळ होतं. १६६२ साली इंग्लंडात वस्तीच्या हक्काचा एक कायदा झाला. गोरगरिबांना पोसण्याचा भार तेव्हा पॅरिशवर असे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, कधी त्याला जोडून दोनचार वाड्या. इंग्लंड-वेल्समध्ये अशा जवळजवळ पंधरा हजार पॅरिशी होत्या, आणि प्रत्येकीचा खर्च तिथल्याच जमीनदार-शेतकऱ्यांवर बसवलेल्या करातून चाले. मग दुसऱ्या गावचा भणंग आपल्या बोकांडी कोण घेणार? नव्या आलेल्या गरीब माणसाला चाळीस दिवसांच्या आत त्याच्या मूळ पॅरिशीत परत धाडण्याचा अधिकार या कायद्यानं दिला. एखाद्या गावाचं व्हायचं तर तिथं जन्म हवा, किंवा तिथं उमेदवारी केलेली हवी, किंवा सड्या माणसानं सलग वर्षभर एका मालकाकडं चाकरी केलेली हवी, नाहीतर वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेण्याची ऐपत तरी हवी. म्हणून कित्येक मालक गडी ठेवत ते एक्कावन्न आठवड्यांच्या बोलीनं. बावन्नावा आठवडा भरला की तो गडी गावचा होई आणि म्हातारपणी त्याला पोसावं लागे. लग्न न झालेली बाई दिवसात असली तर तिला हद्दीपलीकडं नेऊन सोडण्याची घाई होई, कारण अनौरस मूल जिथं जन्मेल तिथलं ते ठरे. १७९५ साली कायदा जरा मऊ झाला. प्रत्यक्ष मदत मागण्याची वेळ येईपर्यंत कुणाला हाकलता येईना. पण 'हा कुठला?' हा प्रश्न गावाच्या ओठांवरून गेला नाही.

मराठीत आपण सहज म्हणू की सायलस गावकुसाबाहेरचा. पण तो शब्द इथं जपून वापरायला हवा. आपल्याकडं गावकुसाबाहेरची जागा जन्मानं ठरली आणि जन्मभर, पिढ्यान् पिढ्या पुसली गेली नाही. सायलसचं खोपट गावाच्या कडेला, ओस पडलेल्या दगडाच्या खाणीजवळ असलं, तरी गावात शिरायची वाट त्याच्यासाठी पुरती बंद नव्हती. फार अवघड होती, एवढंच. त्या अवघड वाटेचीच ही गोष्ट आहे.

सायलस आला तो उत्तरेकडच्या एका कारखान्यांच्या शहरातून. तिथं लँटर्न यार्ड नावाच्या बोळातल्या एका लहानशा पंथाचा तो भाविक होता. असे बाजूचे पंथ तेव्हाच्या औद्योगिक शहरांत खूप होते. सरकारमान्य चर्चच्या बाहेर राहिलेल्या, आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या कारागिरांना तिथं नाव होतं, बसायला जागा होती, मत होतं. १६८९ च्या कायद्यानं अशा पंथांना आपापली प्रार्थना करायची मोकळीक मिळाली, पण सरकारी पदांवरची कायदेशीर अडकाठी पुरती निघायला १८२८ साल उजाडलं. म्हणजे लँटर्न यार्डची ती माणसं आधीच एका अर्थी बाहेरची होती, आणि त्यामुळं आतल्या आत एकमेकांना घट्ट धरून होती. सायलसला अधूनमधून झटका येई. अंग ताठ होई, डोळे उघडे राहत आणि शुद्ध हरपे. पंथातल्या लोकांना ती देवाची खूण वाटे. एका रात्री तो मरणाला टेकलेल्या एका वडीलधाऱ्याच्या उशाशी बसला होता. तो माणूस गेला आणि जवळच्या कपाटातली चर्चची पैशाची थैली नाहीशी झाली. कपाटात सायलसचा चाकू सापडला. तो चाकू सायलसनं शेवटचा बाहेर काढला होता तो आपला जिवलग मित्र विल्यम डेन याच्यासाठी पट्टा कापायला, पण निवाडा होईपर्यंत हे त्यानं बोलून दाखवलं नाही. निवाडा झाला चिठ्ठ्या टाकून. ही काही लेखिकेची कल्पना नव्हे. मोरेव्हियन पंथात तर माणसांची लग्नंसुद्धा चिठ्ठ्यांवर ठरत. देव निरपराधाच्या बाजूनं उभा राहील, असा सायलसचा पक्का भरवसा होता. चिठ्ठी त्याच्याविरुद्ध निघाली. पंथातून नाव गेलं, आणि महिना उलटून थोडे दिवस गेले नाहीत तोच त्याच्याशी लग्न ठरलेली मुलगी विल्यमची बायको झाली. देवावरचा आणि माणसावरचा विश्वास असा एकाच दिवशी उखडून सायलस दक्षिणेकडं निघाला, आणि कुणी ओळखणार नाही अशा गावात जाऊन त्यानं माग मांडला.

पुढची पंधरा वर्षं तो विणत राहिला. एलियट तिथं जे तपशील देते, त्यांच्यासाठी मी ही कादंबरी पुन्हा पुन्हा उघडतो. शेताच्या पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायला त्याच्याजवळ मातीची एक तपकिरी घागर होती. बारा वर्षं ती रोज सकाळी त्याच ठिकाणी उभी असे आणि तिचा कान त्याच्या हातात आपसूक येई. एक दिवस पाय अडखळून ती पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. त्यानं ते तुकडे वेचून घरी आणले. पाणी भरायला आता त्यांचा काही उपयोग नव्हता. तरी त्यानं ते एकमेकांना लावून, टेकू देऊन घागर तिच्या जुन्या जागी उभी केली. ज्याला माणसावर माया करायला कुणी ठेवलं नाही, त्याची माया अशी मडक्यावर जाऊन बसते. सोन्याच्या हव्यासाची पानं वाचण्याआधी हे पान वाचावं. मग त्याला कंजूष म्हणायला जीभ रेटत नाही.

सोन्याचंही तसंच. जुन्या गावी त्याच्या मजुरीतला बराच भाग धर्मकार्याला जाई. रॅव्हेलोला एका शेतकऱ्याच्या बायकोचं कापड विणून दिल्यावर पहिल्यांदा पाच गिनी थेट त्याच्या तळहातावर पडल्या. त्यांवर कुणाचाच हक्क नव्हता आणि त्या कुणासाठी खर्चायच्या हेही उरलं नव्हतं. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. चांदीची नाणी तो पोटापुरती मोडी, गिनी राखून ठेवी. मागाखालच्या जमिनीतल्या विटा काढून त्यानं खळगा केला, त्यात लोखंडी भांडं ठेवलं आणि वर वाळू पसरली. यातही काही वेडेपणा नव्हता. खेड्यात बँक नव्हती. फ्रान्सशी चाललेल्या युद्धात, १७९७ साली, बँक ऑफ इंग्लंडनं नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं आणि ते १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झालं नाही. त्या काळात हातचं सोनं जमिनीत पुरून ठेवणारा सायलस एकटा नव्हता. पुढं हे सोनं चोरीला गेलं, त्या दिवशी त्याच्याकडे २७२ पौंड, १२ शिलिंग आणि ६ पेन्स होते. आठवड्याला दहा शिलिंग मिळवणाऱ्या शेतमजुराची ही दहा वर्षांची कमाई.

गावात शिरायची एक संधी त्याच्यापुढं आधीच आली होती. चांभाराची बायको सॅली ओट्स हृदयाच्या दुखण्यानं सुजली होती. सायलसच्या आईला झाडपाल्याची माहिती होती आणि तिचंही मरण असंच सूज येऊन झालं होतं. त्यानं फॉक्सग्लोव्हचा काढा दिला आणि सॅलीला आराम पडला. हे खरं वैद्यक आहे. बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरनं १७८५ साली फॉक्सग्लोव्हवर ग्रंथ छापला. सुजेवर गुणकारी ठरणारं हे झाड त्याच्या नजरेत आलं होतं ते श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या घरगुती औषधावरून. त्या झाडातून निघालेलं डिजिटॅलिस पुढं दीडशे वर्षांहून अधिक काळ हृदयरोगावर दिलं गेलं. पण रॅव्हेलोला हे ज्ञान वाटलं नाही, जादू वाटली. लोक ताईत मागायला येऊ लागले. सायलसला खोटं बोलवेना. त्यानं सगळ्यांना परत पाठवलं, आणि ज्यांची दुखणी बरी झाली नाहीत त्यांनी त्याचा ठपका त्याच्यावर ठेवला. खरेपणानं वागला म्हणून त्याच्या दाराची कडी आणखी घट्ट बसली.

आता लिहिणारीकडं वळायला हवं, कारण हे सगळं ती उगाच रचत नव्हती. जॉर्ज एलियट म्हणजे मेरी ॲन इव्हान्स. जन्म २२ नोव्हेंबर १८१९, वॉरिकशरमध्ये ननीटनजवळच्या आर्बरीच्या जहागिरीत. वडील रॉबर्ट इव्हान्स तिथले कारभारी. तिचं बालपण गेलं ते ग्रिफ हाऊसमध्ये. आसपासच्या ननीटन, बेडवर्थ, कॉव्हेंट्री या पट्ट्यात घरोघरी रेशमी फितींचे माग होते. शेताची शांतता आणि मागाचा खडखडाट ती एकाच दिवसात ऐकत वाढली. बावीस वर्षांची असताना तिनं चर्चला जायला नकार दिला. वडिलांनी घर मोडायची भाषा केली, काही आठवडे तिला भावाकडं जाऊन राहावं लागलं. अखेर चर्चला यायचं आणि मनात हवं ते धरायचं, अशी तडजोड झाली. श्रद्धा तुटलेल्या माणसाभोवती घर कसं परकं होतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

खरी किंमत पुढं मोजावी लागली. १८५४ च्या जुलैत ती जॉर्ज हेन्री लुइस या लेखकाबरोबर जर्मनीला गेली आणि तेव्हापासून त्याची पत्नी म्हणून राहिली. लुइसची बायको ॲग्नेस हयात होती. तिला दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या मुलांना लुइसनं आपलं नाव दिलं होतं, आणि तिथंच कायद्यानं त्याला बांधून टाकलं. व्यभिचार एकदा पोटात घातला की त्या कारणावर घटस्फोट मागता येत नसे. १८५७ साली घटस्फोट न्यायालयाच्या कक्षेत आला, तरी लुइसची वाट बंदच राहिली. लुइसला लोक जेवायला बोलवत. तिला बोलवत नसत. प्रतिष्ठित घरच्या बायका तिच्या घरची पायरी चढत नसत. १८५७ मध्ये तिनं भाऊ आयझॅकला सगळं कळवलं तेव्हा त्यानं उत्तर स्वतः दिलं नाही, वकिलाकडून देवविलं. हे लग्न कायदेशीर नाही असं कळल्यावर त्यानं तिचं नाव टाकलं आणि बहिणींनाही टाकायला लावलं. थोरली बहीण क्रिसी मरणाच्या दारात असताना, १८५९ मध्ये, तिनं आपल्या अबोल्याबद्दल हळहळ व्यक्त करणारं पत्र पाठवलं. पुढच्याच महिन्यात ती गेली. आयझॅकचा अबोला तेवीस वर्षं टिकला.

त्याच १८५९ मध्ये 'ॲडम बीड' गाजली आणि जॉर्ज एलियट कोण, याची चर्चा सुरू झाली. ननीटनचा जोसेफ लिगिन्स नावाचा माणूस हाच खरा लेखक, अशी आवई उठली आणि लोकांनी ती खरी मानली. तेव्हा नाइलाजानं तिला स्वतःचं नाव बाहेर येऊ द्यावं लागलं. पुस्तक डोक्यावर घेणाऱ्या समाजानं लेखिकेला दारात उभं केलं नाही.

हेअरवुड स्क्वेअरच्या त्या घरात मात्र आणखी एक माणूस होता, आणि माझ्या मते या कादंबरीची किल्ली तिथं आहे. लुइसचा थोरला मुलगा चार्ल्स स्वित्झर्लंडमधली शाळा संपवून १८६० च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडं राहायला आला होता. सतरा वर्षांचा मुलगा. लंडनच्या टपाल खात्यात नोकरी लागली. त्याच्यासाठीच हे दोघं गावाबाहेरची शांत जागा सोडून शहरात आले होते. तिला शहर सोसत नसे, तरी आले. लुइसची मुलं तिला 'मुटर' म्हणत, जर्मन भाषेत आई. तिच्या पोटची नसलेली, कायद्यानंही तिची कुणी नसलेली मुलं. ज्या टेबलावर सायलस आणि सोनेरी केसांच्या एप्पीची गोष्ट लिहिली जात होती, त्या घरात असं एक मूल रोज कामावरून परत येत होतं.

गोष्टीत सायलसचं सोनं चोरीला जातं, आणि तिथूनच गाव त्याच्या जवळ येऊ लागतं. 'रेनबो' नावाच्या गुत्त्यात तो भिजलेला, भांबावलेला येऊन उभा राहतो, तेव्हा सैतानाशी संधान बांधलेला विणकर लोकांना दिसेनासा होतो. लुटला गेलेला एक गरीब माणूस तेवढा दिसतो. डुक्कर कापल्यावर त्यातला वाटा त्याच्याकडं पोचता होतो. डॉली विन्थ्रॉप आपल्या लहानग्याला घेऊन घरच्या वड्या द्यायला येते. मग वर्षाची शेवटची रात्र येते. त्या रात्री जागून घंटा ऐकल्या तर गेलेलं धन परत येतं, असं शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून तो दार उघडून बाहेर पाहतो. त्याच क्षणी झटका येतो आणि कडीवर हात ठेवून तो दगडासारखा उभा राहतो. बाहेर बर्फात अफूच्या गुंगीत एक बाई कोसळलेली असते. तिचं मूल उजेडाच्या रोखानं चालत त्याच्या चुलीपाशी येऊन झोपतं. शुद्धीवर आल्यावर त्याला आपलं सोनंच परत आलंसं वाटतं. हात लावतो तो मऊ केस.

इथं गाव विचारतं ते अगदी त्या काळाला धरून: हे मूल पॅरिशच्या हवाली कधी करणार? कायद्याच्या हिशेबात ते मूल हा एक खर्च होता. सायलस म्हणतो, ते माझ्याकडं आलं, मी ठेवतो. हे किती कच्च्या धाग्यावर उभं होतं, हे आज पटकन लक्षात येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये कायदेशीर दत्तक घेण्याची सोयच नव्हती. ती आली १९२६ च्या कायद्यानं, म्हणजे कादंबरीनंतर पासष्ट वर्षांनी. आपल्याकडच्या दत्तकविधानासारखं तिथं काहीच नव्हतं. सायलसजवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे रोजचं करणं. मागावर बसल्यावर रांगतं-धावतं मूल सांभाळायचं कसं? त्यानं आपणच विणलेल्या लिननची रुंद पट्टी तिच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक मागाला. पट्टी एवढी लांब की खाटेपर्यंत जाता यावं. एक दिवस त्याची कात्री हाती लागली, पोरीनं पट्टी कापली आणि दाराबाहेर पळाली. खाणीतल्या पाण्याच्या भीतीनं त्याला घाम फुटला. सापडली तेव्हा ती बाईसाहेब डबक्याकाठी बसून आपल्या बुटानं पाणी भरत होती. शिक्षा म्हणून त्यानं तिला कोळशाच्या कोनाड्यात कोंडलं, तर तिला तो नवा खेळच वाटला. पुन्हा त्यानं शिक्षेचं नाव काढलं नाही. त्याच पोरीसाठी तो रॅव्हेलोच्या चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकतो, कारण तिचं बारसं व्हायला हवं, नोंदवहीत तिचं नाव यायला हवं. तो तिला आपल्या आईचं आणि धाकट्या बहिणीचं नाव देतो: हेफ्झिबा, लाडानं एप्पी.

सोळा वर्षांनी खाणीतलं पाणी आटतं. तळाशी चोराचा सांगाडा आणि सोनं सापडतं. त्या चोराचा भाऊ, गावचा मोठा माणूस गॉडफ्री कास, सायलसच्या दारात येतो आणि सांगतो की एप्पी माझी मुलगी. बर्फात मेलेली ती बाई त्याची लपवून ठेवलेली लग्नाची बायको होती. म्हणजे एप्पी औरस, आणि औरस मुलावरचा बापाचा हक्क त्या काळच्या इंग्लिश कायद्यात जवळजवळ निरपवाद होता. रक्त त्याच्या बाजूला, पैसा त्याच्या बाजूला, कायदा त्याच्या बाजूला. एप्पी नाही म्हणते. मला दुसरा बाप माहीत नाही, एवढाच तिच्या म्हणण्याचा अर्थ. गॉडफ्री निघून जातो. त्या काळच्या वाचकाला ही दोन पानं किती धीट वाटली असतील!

शेवटी सायलस एप्पीला घेऊन जुन्या गावी जातो. चिठ्ठी खोटी का निघाली, हे त्याला विचारायचं असतं. लँटर्न यार्ड तिथं नसतंच. त्या जागी मोठा कारखाना उभा असतो आणि जेवणाच्या सुट्टीत बायका-पुरुषांचे लोंढे बाहेर पडत असतात. या एका दृश्यात तीसेक वर्षांचा इतिहास बसला आहे. ब्रिटनमध्ये १८१३ साली सुमारे २,४०० यंत्रमाग होते. १८२० साली १४,१५०. १८३३ साली एक लाख. बोल्टनला सुती कापड विणणाऱ्याला १८०० साली आठवड्याला पंचवीस शिलिंग मिळत, १८३० साली साडेपाच. लिननला यंत्र जरा उशिरा गाठू शकलं, पण गाठलंच. सायलसचीही विणाई कादंबरीच्या अखेरीस कमी कमी होत गेलेली आहे.

आणि हे लिहिलं जात असताना एलियटच्या स्वतःच्या मुलखात काय चाललं होतं? १८६० च्या जानेवारीत इंग्लंड-फ्रान्सचा व्यापारी करार झाला आणि फ्रेंच रेशमी फिती विनाजकात येऊ लागल्या. कॉव्हेंट्रीचा फितींचा धंदा बघता बघता बसला. उन्हाळ्यात विणकरांचा संप झाला, तो फसला. त्या हिवाळ्यात हजारो घरांतली चूल बंद होती, देशभरातून वर्गणी गोळा झाली. कित्येक कुटुंबं अमेरिकेला आणि दुसऱ्या शहरांना गेली. कादंबरीत याचा उल्लेख नाही. तिचा काळ पन्नास वर्षं मागचा. पण १८६० च्या हिवाळ्यात गाठोडं पाठीवर घेऊन निघालेला विणकर ही काही जुनी गोष्ट राहिलेली नव्हती.

वीस वर्षांनी, मे १८८० मध्ये, तिनं जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केलं. लुइस दीड वर्षापूर्वी वारला होता. लग्नाची बातमी कळताच आयझॅकचं अभिनंदनाचं पत्र आलं, तेवीस वर्षांनंतरचं पहिलं. २२ डिसेंबरला ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन व्हावं म्हणून खटपट झाली, ती सोडून द्यावी लागली. लंडनच्या हायगेट दफनभूमीत, सरकारमान्य चर्चबाहेरच्यांसाठी राखलेल्या भागात, लुइसच्या शेजारी तिला पुरलं. आयझॅक त्या अंत्ययात्रेला आला होता. ॲबेतल्या कवींच्या कोपऱ्यात तिच्या नावाचा दगड बसला तो २१ जून १९८० रोजी.